आठ अक्षरांचे मुलाणीकाका

मुलाणीकाकांनी मला पहिल्याच भेटीत नापास केलं.

पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीत राहायला येऊन मला दोनच दिवस झाले होते. संध्याकाळी कामावरून परतले तर तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या दारात एक उंच, सडसडीत गृहस्थ उभे. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी टेस्टर. त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे निरखून पाहिलं.

"आयटीत हाय का तुम्ही?"

"हो. हिंजवडीला."

"मंग सिरियल पोर्ट येत असंल."

"म्हणजे... नाव ऐकलंय. कधी काम नाही केलं त्यावर."

"कधीच न्हाई?"

"नाही."

"मंग दिवसभर करता काय?"

मी खरं ते सांगून टाकलं, "मीटिंगा."

आजारी माणसाकडे पाहावं तसं त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "शबानाची अम्मी, चहा टाका. पोरगी लई दमून आलीया."

त्या चहापासून मी त्यांच्या घरातली झाले. ते मूळचे बार्शीकडचे. आधी भोसरीत आणि मग चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं मेंटेनन्सचं काम केलं होतं. मशीन बंद पडलं की बोलवायचं ते मुलाणींना. निवृत्त होताना साहेबांनी विचारलं, भेट काय देऊ, घड्याळ की सूटकेस? काका म्हणाले, "भंगारात काढलेला तो जुना कॉम्प्युटर द्या." साहेबांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण त्या कॉम्प्युटरच्या पाठीला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट होता, आणि नव्या कॉम्प्युटरांना तो नसतो, याचं काकांना आप्तस्वकीय गेल्यासारखं दुःख होतं. त्या पोर्टातून कॉम्प्युटर बाहेरच्या एखाद्या छोट्या यंत्राशी बोलतो. एकामागून एक, अक्षर अक्षर करून. काकांच्या लेखी जगातलं सगळ्यात सुंदर बोलणं तेच.

हॉलमध्ये खिडकीशी त्यांचं टेबल होतं. टेबलावर तो कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढे काडेपेटीएवढा एक हिरवा बोर्ड, मधोमध काळी चिप असलेला. कॉम्प्युटरला ते 'थोरला' म्हणत आणि बोर्डाला 'धाकटा'. दोघांच्या मध्ये तीन तारा. या तीन तारांचं गुपित त्यांनी मला, माझ्या आईला, दूधवाल्याला आणि एकदा मतदारयादी तपासायला आलेल्या बाईंनासुद्धा समजावून सांगितलं होतं.

"ह्याचं तोंड त्याच्या कानाला. त्याचं तोंड ह्याच्या कानाला. आन् तिसरी तार जमिनीची, ती दोघांची एकच पायजे. लोक चुकतात कुठं? तोंडाला तोंड जोडत्यात. मग दोघंबी बोलत बसतात, ऐकणारा कुणीच न्हाई."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढले की ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणायचे, "तोंडाला तोंड जोडलंय."

चाची, म्हणजे त्यांच्या पत्नी नूरजहाँ, अगदी दुसऱ्या टोकाच्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या आणि कमी बोलणाऱ्या. पण काकांच्या लांबलचक गोष्टीचा शेवट नेमका त्या आधीच सांगून टाकायच्या. काका 'मग मी हात वर केला' इथवर आले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "आणि मॅडम पळून गेल्या. चहा गार होतोय."

ती मॅडमची गोष्ट खरोखर घडलेली होती. कंपनीनं कामगारांना 'संवादकौशल्य' शिकवायला पुण्याहून एक तरुण प्रशिक्षक बाई आणल्या होत्या. मशीन शॉपमधली माणसं शिफ्ट संपवून हॉलमध्ये बसलेली. बाई फाडफाड इंग्रजीत बोलू लागल्या. पडद्यावर बाण, वर्तुळं, हसरे चेहरे. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, "सो, व्हॉट इज कम्युनिकेशन? एनीबडी?" कुणी हलेना. तेव्हा मुलाणी उठले.

"मॅडम, एक अडचन हाय. तुमचा वेग एक लाख पंधरा हजार दोनशे. आमचा नऊ हजार सहाशे. तुमच्याकडनं माल बराबर सुटतोय, पर आमच्या स्क्रीनवर नुसता कचरा येतोय."

हॉल हसून कोसळला. बाईंना वाटलं आपला अपमान झाला. त्या सामान गोळा करायला लागल्या. मग काकांनीच पुढे होऊन त्यांना फळ्यावर काढून दाखवलं: बोलणारा आणि ऐकणारा यांनी वेग आधी ठरवून घ्यायचा असतो, नाहीतर पाठवलेला 'अ' तिकडे भलतंच काही होऊन उतरतो. "म्हणजे चूक तुमचीबी न्हाई, आमचीबी न्हाई. ठरवायचं राहून गेलं." बाई थांबल्या. पुढचा तास त्यांनी सावकाश, मराठीत घेतला. चाचींच्या आवृत्तीत मात्र त्या पळूनच गेल्या होत्या, आणि चाची ती बदलायला तयार नव्हत्या.

हेच वेगाचं प्रकरण एकदा काकांवर उलटलं. आमच्या भागात पाण्याची रोजची मारामार. जमिनीखालच्या टाकीत किती पाणी उरलंय ते कुणालाच कळायचं नाही. कळायचं ते अंगाला साबण लावल्यावर. काकांनी टाकीच्या झाकणाखाली एक सेन्सर बसवला, शेजारी एक 'धाकटा' डब्यात ठेवला आणि पार्किंगच्या भिंतीवरून तारा आपल्या खिडकीत आणल्या. टाकीतलं पाणी किती फूट, ते आता थोरल्याच्या पडद्यावर दिसणार होतं. चेअरमन देशमुख साहेबांनी याचं उद्घाटन करायचं ठरवलं. रविवारी सकाळी नारळ आला, हार आला, तीस-चाळीस माणसं खिडकीबाहेर जमली. देशमुखांनी दोन शब्द बोलतो म्हणून बावीस मिनिटं भाषण केलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर चौकोन, त्रिकोण, उलटी प्रश्नचिन्हं, मधेच एक हसणारा चेहरा, अशी ओळींमागून ओळी धावू लागल्या.

"चिनी आहे का हे?" देशमुखांनी दबक्या आवाजात विचारलं. "बोर्ड तिकडचा दिसतोय."

मागून कुणीतरी म्हणालं, "पाणी चिनी भाषेत किती फूट आहे ते सांगा, राव."

काकांचे कान लाल झाले. आदल्या संध्याकाळी त्यांनी धाकट्याचा वेग वाढवला होता आणि थोरल्याला सांगायला विसरले होते. ज्या चुकीवरून त्यांनी अख्ख्या पुनावळ्याची शिकवणी घेतली होती, ती त्यांनीच केली होती. त्यांनी मुकाट्यानं आत जाऊन वेग जुळवला. कचरा थांबला आणि पडद्यावर स्वच्छ उमटलं, चार पूर्णांक दोन दशांश फूट. टाळ्या पडल्या. चाची स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "ठरवायचं राहून गेलं," आणि आत गेल्या. काका त्या दिवशी चक्क जेवेपर्यंत गप्प होते.

पण त्यानंतर ती खिडकी म्हणजे सोसायटीचा चावडीकट्टा झाली. काकांनी पडदा खिडकीकडे तोंड करून ठेवला होता. तरी माणसं पडदा वाचायची नाहीत, काकांना विचारायची. "काका, पाणी किती?" आणि काका फूट सांगून थांबणारे नव्हते. सेन्सर कसा ऐकतो, आवाज पाण्यावर आपटून परत कसा येतो, इथून सुरुवात व्हायची. पाण्याची चौकशी करायला गेलेल्या बायका अर्ध्या तासानं घरी परतायच्या, आणि तोवर खरंच पाणी कमी झालेलं असायचं.

अशा माणसाचा आवाज गेला.

आधी नुसता घसा बसला असं वाटलं. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण बोलता येणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले तेव्हा काका शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तीन तारा समजावून सांगत होते. तो ग्लानीत होता. चाची म्हणाल्या, "बोलू दे. उद्यापासून शांतता आहे." आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

घरी आल्यावर काका खुर्चीत बसले ते बसलेच. गळ्याशी पांढरं फडकं, नजर भिंतीवर. थोरला बंद. पाणी किती, ते पुन्हा कुणाला कळेना, पण खिडकीशी येऊन विचारायची कुणाची छातीही होईना. पाटी दिली तर त्यांनी ती पालथी ठेवली. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. तिसऱ्या दिवशी काकांनी ते उघडून आतलं सर्किट पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि कपाटात टाकलं. मग शबाना, सांगवीला राहणारी त्यांची लेक, एक नवा मोबाइल घेऊन आली. त्यात लिहिलं की तो मोठ्यानं बोलायचा. काकांनी लेकीच्या समाधानासाठी लिहिलं आणि घरात एक धीरगंभीर, बातम्या वाचल्यासारखा पुरुषी आवाज घुमला, "कृपया मला पाणी द्यावे."

चाची लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "हा कोण परका माणूस माझ्या घरात?"

"अम्मी, अब्बाच बोलतायत."

"तुझे अब्बा तीस वर्षांत कधी 'कृपया' म्हणालेत? बंद कर तो."

मोबाइल कपाटात गेला. मग काकांनी आपली सोय स्वतःच केली: एक स्टीलची वाटी आणि चमचा. काही हवं असलं की वाटी वाजवायची. वाटी वाजली की चाची हातातलं टाकून धावत यायच्या. मग काका हातवारे करणार, चाची ओळखणार. चहा? नाही. पंखा? नाही. औषध? नाही. चष्मा? हो. दिवसातून तीस वेळा. सोळाव्या की सतराव्या दिवशी मी तिथे असतानाच वाटी वाजली, चाची बाहेर आल्या आणि आत दूध उतू गेलं. करपल्याचा वास आला. चाची कमरेवर हात ठेवून काकांपुढे उभ्या राहिल्या.

"आयुष्यभर कंपनीची मशीनं बोलती केलीत. आणि स्वतःच्या घरात वाटी वाजवत बसलात? मी काय म्हैस आहे? काय पाहिजे ते आधी कळवायची सोय करा, मग बोलवा मला!"

काकांचा चेहरा असा झाला की आता वाटी भिरकावणार. पण त्यांनी ती खाली ठेवली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले तर जिन्यात सोल्डरिंगचा वास. त्यांच्या घरचं दार उघडं होतं, थोरला चालू होता, आणि काका टेबलावर वाकले होते. चाचींनी मला डोळ्यांनीच आत बोलावलं. "मुद्दाम बोलले मी," त्या कुजबुजल्या. "आणि दूधपण मुद्दामच जाऊ दिलं. अर्धा लिटर गेलं, पण उठले की नाही?"

आठ दिवसांत स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीखाली एक हिरवट, उजळणारी काचेची पट्टी बसली. दोन ओळी, ओळीत सोळा घरं. तिच्या मागे आणखी एक धाकटा, आणि धाकट्यापासून हॉलमधल्या थोरल्यापर्यंत भिंतीवरून नीट खिळे मारून नेलेल्या तीन तारा. काका तिकडे टाइप करणार, चाची इकडे वाचणार. खाली एक लाल बटण होतं; चाचींनी ते दाबलं की थोरल्याकडे निरोप जायचा, वाचलं म्हणून.

अडचण एकच होती. त्या पट्टीला इंग्रजी अक्षरं जन्मतः यायची, देवनागरी नाही. आणि चाची बार्शीच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पट्टीत आपल्या मनाची अक्षरं ठिपक्या ठिपक्यांनी काढून भरता येत होती, पण फक्त आठ. आठ घरं भरली की जागा संपली. काकांनी मला कागदावर लिहून विचारलं, "आठ अक्षरांत संसार करायचा. कोणती घेऊ?"

दोन दिवस आम्ही तिघं त्यावर बसलो. मी 'औषध' म्हटलं. त्यात तीन अक्षरं जात होती, काकांनी काट मारली. 'चहा'वर एकमत झालं. 'पाणी'साठी 'ण' लागत होता, पण चाची म्हणाल्या, "आमच्यात पानीच म्हणतात, 'न' चालेल," आणि तो 'न' पुढे 'नाही'ला उपयोगी पडला. काना वेगळा ठेवला, तो सगळ्यांना लावता आला. शेवटी ठरलं ते असं: च, ह, प, न, एक काना, एक दीर्घ वेलांटी, 'ये' आणि 'हो'. एका घरात आडवे पाच ठिपके, उभे आठ. त्यात 'हो' बसवायला काकांना दीड दिवस लागला. शिरोरेघ अक्षराअक्षरात तुटायची. पण वाचता यायचं.

पहिला निरोप 'चहा' हाच आला. चाचींनी पदरानं हात पुसले, पट्टीजवळ जाऊन ती बोटानं वाचली, बटण दाबलं. मग आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ साखरेचा डबा पुसत राहिल्या.

त्या आठ अक्षरांत काकांनी काय काय बोलून दाखवलं! 'ये' आणि 'ये ना' यांत जमीनअस्मानाचा फरक होता, 'ये' आलं की चाची आतूनच ओरडायच्या, "हात पिठात आहेत!" आणि 'ये ना' आलं की पीठ तसंच ठेवून जायच्या. 'नाही' होतं, 'नाहीच' होतं. खिडकीतून काही गंमत दिसली की 'पाहा'. चाचींनी आतून टोमण्यांच्या फैरी झाडल्या की थोडा वेळ पट्टी कोरी राहायची आणि मग सोळाच्या सोळा घरं भरून यायची: हाहाहाहाहाहाहाहा. ज्या माणसाचं हसू डॉक्टरांनी काढून घेतलं होतं, तो पिठाच्या डब्याशेजारी हसायला लागला होता. एकदा भर दुपारी पट्टीवर आलं, 'नाच'. चाची लाटणं घेऊन हॉलमध्ये गेल्या. काय झालं मला माहीत नाही, पण काका दोन दिवस 'चहा' आणि 'हो' एवढंच पाठवत होते.

खिडकीतला पडदाही पुन्हा सुरू झाला. आता लोक तो वाचायला लागले. तरी येऊन विचारायचे, "काका, पाणी किती?" आणि काका बोटांनी फूट दाखवून, कागद ओढून, सेन्सरचं चित्र काढायला सुरुवात करायचे.

चाची अगदी खुशीत असायच्या. "भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलता येत नाही त्यांना," त्या मला म्हणाल्या. "'म' नाही आणि 'ठ' नाही."

त्या 'मीठ'वरूनच मी एकदा ऑफिसात, एका लांबलेल्या मीटिंगमध्ये, त्या पट्टीची माहिती शोधत बसले. आणि मला कळलं की आठ ही मर्यादा एका वेळची आहे. प्रत्येक निरोपाआधी आधीची अक्षरं पुसून नवी आठ भरता येतात. म्हणजे मीठ, औषध, चष्मा, काहीही लिहिता आलं असतं. मला केव्हा एकदा घरी जाते असं झालं.

चाची एकट्या स्वयंपाकघरात होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा हात परातीत थांबला.

"त्यांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"नको सांगू, बेटा." त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "सगळंच तिथून लिहिता आलं, तर खुर्चीतून उठतील का? आता काही अडलं की उठून माझ्याकडे येतात. तेवढंच चालणं होतं. आणि जरा उभे राहतात माझ्याजवळ."

मी बरं म्हणून बाहेर आले. हॉलमध्ये काकांनी माझ्या मोबाइलकडे हात केला; पान अजून उघडंच होतं. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि मग शांतपणे कागद ओढला. त्यांचं अक्षर मशीनच्या पाटीवर कोरल्यासारखं होतं.

"माहीत आहे. पहिल्या दिवसापासून."

मी थक्क झाले. "मग भरत का नाही?"

त्यांनी लिहिलं, "हिला सांगू नको." जरा थांबून खाली आणखी एक ओळ: "सगळं तारेतून गेलं तर मी तिकडं कशाला जाऊ?"

तो कागद त्यांनी चार घड्या करून खिशात टेस्टरमागे घातला. मी दोघांनाही शब्द दिला, आणि दोघांचाही पाळला.

पुढच्याच महिन्यात मी चिंचवडला राहायला गेले. काकांची तब्येत पुन्हा बिघडली तेव्हा शबाना दोघांना सांगवीला घेऊन गेली. आज जाऊ, उद्या जाऊ करत माझं जाणं राहिलं, आणि एका सकाळी काका गेल्याचा तिचा निरोप आला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पुनावळ्याचं घर सोडताना, निरोप घ्यायला गेले तेव्हा. दार उघडंच होतं. हॉलची खुर्ची रिकामी होती, पंखा फिरत होता. आतून चाचींचा चढा आवाज येत होता, "नाही म्हटलं ना! परवाच झालंय मटण. डॉक्टरांनी काय सांगितलंय?" मी डोकावले. काका फळीला टेकून उभे होते, चाचींच्या अगदी जवळ. ओठ हलत होते, हात हवेत चालले होते, भुवया वर-खाली होत होत्या. आवाज मात्र कणभरही नव्हता. चाची मान वर करून त्यांच्या ओठांकडे बघत होत्या आणि शब्दाला शब्द देत होत्या. पाच मिनिटं ते भांडण चाललं. मग चाचींनी कपाळावर हात मारला, फ्रिज उघडला आणि मटणाचं पातेलं बाहेर काढलं.

काका वळले. मला दारात पाहिलं आणि शर्टाची कॉलर दोन बोटांनी वर केली.